खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: आधी मे महिन्याचा विचार करा, मग माशांचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घणसोलीत शेवटच्या मजल्यावर राहता, वर थेट गच्ची. गप्पीची टाकी बरीच वर्षं नीट चालवलीय, आता मुलीला निमो हवाय. म्हणून दीड फुटाची टाकी घ्यायची, त्यात दोन क्लाउन (म्हणजेच निमो), एक ब्लू टँग (डोरी) आणि एक अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी), पाणी वाशीच्या खाडीतून आणायचं, दुकानदार म्हणतोय सात दिवसांत सगळं सोडता येईल आणि चिलर (पाणी थंड ठेवणारं मशिन) नको. जमेल का?

आहे तसं नाही जमणार, पण दोन क्लाउन घरात छान राहतात, पहिल्याच टाकीत आणि वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे बेत सोडू नका, फक्त जरा बदला. मी ठाणे-नवी मुंबईत खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवायचं आणि सांभाळायचं काम करतो. नवीन माणूस बहुतेक वेळा मासे कुठले, लाइट कुठली, फिल्टर कुठला यात अडकतो. आपल्या भागात पहिला प्रश्न माझ्या मते एकच आहे, मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या खोलीत पाणी किती तापणार. हे कळलं की टाकीचा साइज, बजेट, मासे हे सगळं त्याच्यामागून ठरत जातं.

का ते सांगतो. या माशांना पाणी साधारण २४ ते २७ डिग्री लागतं, आणि त्यातही ते रोज वर-खाली झालेलं चालत नाही. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघितले तर त्यात हीटर कुठला घ्यायचा यावरच सगळी चर्चा, आपल्याकडे एकदम उलटं, शेवटच्या मजल्यावर एप्रिल-मेला आणि परत ऑक्टोबरला खोलीच ३३-३४ डिग्रीला जाते, वर पंपाची आणि लाइटची उष्णता पाण्यात मिसळते ती वेगळी. खारं पाणी मुळातच गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या भागाने कमी ऑक्सिजन धरून ठेवतं, पाणी तापलं की तो अजून कमी होतो, आणि नेमकं तेव्हाच माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. गप्पी ३१-३२ डिग्रीला पण मजेत फिरतात, त्यामुळे तुम्हाला आत्तापर्यंत याचा त्रास जाणवलेला नसणार.

दुकानदाराने पंखा सुचवला असेल, पाण्यावर वारा मारणारे छोटे क्लिपवाले. पंखा पाण्याची वाफ करून थंड करतो, म्हणजे हवा जितकी कोरडी तितका तो चांगला चालतो. नागपूरला कूलर खोली गार करतो आणि तोच कूलर इकडे आणला तर नुसती चिकचिक होते, अगदी तसंच. आपल्याकडे मे महिन्यातल्या दमट दुपारी पंख्याने पाणी २८ च्या खाली नेणं अवघड जातं, वारा कितीही मारा. त्यामुळे पंखा पुरेल की नाही हे घरावर अवलंबून आहे. मधला मजला असेल, खोलीवर ऊन येत नसेल, नुसते टणक मासे ठेवायचे असतील तर पंख्यावर टाक्या चालतात, मी स्वतः अशा सांभाळतो. घरात एसी असेल तर तो दिवसा चालतो का रात्री ते बघावं लागतं, कारण रात्री २५ आणि दुपारी ३१ हा रोजचा झोका सरळ २८ पेक्षा वाईट. तुमचा शेवटचा मजला आहे म्हणून मी तुम्हाला चिलरच सांगेन.

पण माझ्या शब्दावर खर्च करू नका, आधी मोजा. जिथे टाकी ठेवायचीय तिथे एक मोठी बादली पाणी भरून ठेवा, झाकण नको, आत थर्मामीटर, आणि आठवडाभर सकाळ-दुपार-रात्र आकडे लिहा. त्या आकड्यात टाकीच्या पंपा-लाइटचे एक-दोन डिग्री वाढवून धरा. हिवाळ्यात किंवा पावसात मोजत असाल तर मात्र त्यावर विश्वास ठेवू नका, मे महिना मनात धरूनच ठरवा.

चिलर घ्यायचा ठरला तर दोन फुटी टाकीला एक दशांश हॉर्सपॉवरचा बास होतो. तो बहुतेक टाकीपेक्षा महाग पडेल हे आत्ताच मान्य करून बजेट धरा, नाहीतर सगळे पैसे लाइटवर जातात आणि चिलर पुढच्या वर्षी घेऊ असं होतं, पण मे त्याच्या आधी येतो. चिलर स्टँडच्या बंद कपाटात ठेवू नका, तो स्वतःच टाकलेली गरम हवा परत ओढत बसतो आणि पाणी काही थंड होत नाही. बाहेर, भिंतीपासून जरा सुटा ठेवा. सेटिंग २६ ठेवा, २४ चा हट्ट नको, उगाच बिल वाढतं.

आता साइज. लहान टाकी सोपी पडेल असं वाटतं, पण खाऱ्या पाण्यात ती जास्त अवघड असते. दीड बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत ४२ लिटर मावतं, दगड-वाळू टाकल्यावर पाणी उरतं ३३-३४ लिटर. पाणी उडून जातं पण मीठ तिथेच राहतं. पंखा लावून रोज दीड लिटर उडालं आणि तुम्ही दोन दिवस भरायला विसरलात तर क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण (दर हजार भागांत), ३५ वरून ३८ च्या पुढे गेली. तेच दोन बाय दीड बाय दीड फुटाच्या टाकीत प्रत्यक्ष पाणी १०० लिटरच्या आसपास असतं, तिथे तीन लिटर उडालं तरी ३५ चं ३६ होतं, मासे ते सहज काढतात. तापमानाचं तेच, अमोनियाचं तेच. म्हणून पहिली टाकी दोन फुटी घ्या, दीड फुटी नको. दगड, काच, स्टँड धरून वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास जाईल, तर भिंतीला लागून, शक्यतो बीमच्या वर ठेवा, हॉलच्या मध्यभागी नको. झाकण जाळीचं करा, काचेचं झाकण उष्णता कोंडून ठेवतं आणि उघडी टाकी ठेवली तर गोबीसारखे तळाशी राहणारे छोटे मासे उडी मारून जमिनीवर सापडतात.

उडालेलं पाणी भरताना नेहमी गोडं पाणी घालायचं, मिठाचं घातलं तर क्षारता चढतच जाते. हे काम आपोआप करणारा एटीओ मिळतो, सेन्सर आणि छोटा पंप. चिलरनंतर मी पैसे घालीन तर यावर, स्किमरच्या (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आधी. तीन मासे आणि आठवड्याला १० टक्के पाणी बदलायची शिस्त असेल तर सुरुवातीला स्किमर नसला तरी चालतं. पाणी खेळतं ठेवायला एक वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा छोटा पंप) मात्र हवाच.

खाडीचं पाणी आणू नका. आपली खाडी फ्लेमिंगोंना मानवते, तुमच्या टाकीला नाही. त्यात सांडपाणी येतं, गाळ येतो, भरती-ओहोटीप्रमाणे क्षारता बदलते आणि पावसाळ्यात तर ते अर्धं गोडंच असतं. तयार रीफ सॉल्ट (समुद्राचं पाणी बनवायचं खास मीठ) घ्या, एका लिटरला ब्रँडप्रमाणे ३६ ते ३९ ग्रॅम लागतं. म्हणजे पहिल्या भरणीला चार किलोच्या आत, आणि मग दर आठवड्याला १० लिटर बदलायला चारशे ग्रॅमच्या आत. खायचं मीठ किंवा खडेमीठ चालत नाही. पावसाळ्यात या मिठाला हवा लागली की ते ओल धरतं आणि त्याचे दगड होतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा आणि जूनच्या तोंडावर मोठी पिशवी फोडू नका. पाणी बादलीत आधी, मीठ नंतर, छोटा पंप सोडून पॅकेटवर लिहिलंय तितका वेळ फिरवा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायचं उपकरण) ३५ आलं की मगच टाकीत. प्लॅस्टिकच्या काट्याचा हायड्रोमीटर स्वस्त असतो पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि रिफ्रॅक्टोमीटर पण ३५ च्या कॅलिब्रेशन सोल्युशनने अधूनमधून तपासायचा असतो.

मीठ ज्या पाण्यात घालायचं ते पाणी, इथे जरा नीट वाचा. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणाचं, नळाचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कमीच असतं, म्हणून लोक म्हणतात नळाचं चालेल की. टीडीएस कमी म्हणजे क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट नाही असं होत नाही, आणि सोसायटीत मध्येच टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळलं तर सगळंच बदललं. आरओचं पाणी घ्या. घरचा आरओ चालतो पण त्याला दोन अडचणी आहेत. बऱ्याच मशिनमध्ये शेवटी मिनरलचं कार्ट्रिज किंवा टीडीएस कंट्रोलर असतो जो चवीसाठी क्षार परत मिसळतो. आणि हल्ली कॉपरवाले आरओ निघालेत, माणसाला तांबं चांगलं म्हणून. कोळंबी, गोगलगायी, अ‍ॅनिमोन, कोरल यांना तेच तांबं अगदी थोड्या प्रमाणातही विष आहे. आरओवाल्याला सांगून मेम्ब्रेननंतर लगेच, या सगळ्याच्या आधी, एक टी (पाइपचा फाटा) काढून घ्या, त्याला डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणारा) छोटा फिल्टर जोडा आणि टीडीएस मीटरवर शून्य येतंय ना बघा. त्याच कारणासाठी गप्पीच्या टाकीला कधी तांब्याचं औषध वापरलं असेल तर ती टाकी, तिचा फिल्टर, तिची वाळू यातलं काहीच इकडे वापरू नका.

दगडांबद्दल. जुने लोक लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्रातून काढलेला, जिवाणू आधीच वसलेला दगड घ्या म्हणतील. आपल्या समुद्रातला असा दगड म्हणजे बहुतेक करून कोरलचाच सांगाडा असतो, आणि दगडी कोरल, सी फॅन, समुद्री घोडे, समुद्री काकड्या हे सगळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, म्हणजे विकणं-विकत घेणं दोन्ही गुन्हा. कोणी हळूच मागच्या खोलीतून काढून दाखवलं तर हात लावू नका, आणि नुसत्या कायद्याच्या भीतीने नको, तो दगड कुठल्यातरी प्रवाळावरून फोडूनच आणलेला असतो. कृत्रिम सिरॅमिक दगड किंवा कोरडा रीफ रॉक मिळतो, तो आठ-दहा किलो घ्या. आधी दगड थेट तळाच्या काचेवर पक्के बसवा, मग भोवती वाळू टाका, कारण काही मासे वाळू उकरतात आणि वाळूवर रचलेला दगड कलंडला की काच जाते. वाळू अ‍ॅरागोनाइटची, चौपाटीची नाही.

आता तुमचे ते सात दिवस. माशाच्या शरीरातून अमोनिया निघतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात जे बरंच निरुपद्रवी आहे आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू कोरड्या दगडावर वसायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात, आपल्या उबदार पाण्यात आणि बाटलीतले चांगले जिवाणू वापरले तर थोडं लवकर. गप्पीच्या टाकीलाही हेच लागू होतं, पण तिथे चूक झाली तरी निभावून जातं. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि त्यात अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात राहतो, म्हणून इथे मासा वाचत नाही.

जिवाणू वसवायच्या या कामाला सायकल म्हणतात, ती मासे न घालता करा. अमोनियम क्लोराइडचं द्रावण मिळालं तर उत्तम, २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) नेऊन ठेवा. नाही मिळालं तर बाजारातली एक कोळंबी जाळीच्या पिशवीत बांधून टाकीत सोडा, वास येईल थोडे दिवस, पण काम होतं. लाइट बंद ठेवा, वेव्हमेकर चालू. दोन-तीन दिवसांनी टेस्ट करत राहा, अमोनिया आधी वर जाईल मग उतरेल, त्याच्यामागून नायट्राइट. २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार, कोळंबीने केलं असेल तर ती काढून टाकल्यावर दोन्ही शून्य होऊन आठवडाभर शून्यच राहिले पाहिजेत. मग मोठं पाणी बदला, नायट्रेट खाली आणा. याच सुमारास काचेवर-वाळूवर तपकिरी थर येतो, तो बघून लोक घाबरून सगळं धुवून काढतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. तसं करू नका, ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल आहे, नवीन टाकीत येतं आणि काही आठवड्यांत जातं. तेव्हा तीन-चार टर्बो गोगलगायी सोडा, त्यांचं पोट भरतं. दुकानदार सायकलसाठी डॅमसेल (एक स्वस्त, भांडखोर मासा) घाला म्हणाला तर घालू नका, एकतर तो बिचारा अमोनियात भाजतो, आणि जगला तर टाकीचा मालक होऊन पुढच्या प्रत्येक माशाला मारत बसतो.

मासे निवडताना ब्लू टँग यादीतून काढाच. मुलीला डोरी हवी असणार हे कळतं मला, पण तो मासा एक फुटापर्यंत वाढतो आणि दिवसभर पोहणारा आहे, त्याला सहा फुटी टाकी लागते. दुकानात दोन इंचाचं पिल्लू गोड दिसतं, दोन फुटांत त्याचं आयुष्य म्हणजे कोंडवाडा. मँडरिन हा रंगीत मासा पण नको, तो जिवंत बारीक किडेच खातो आणि नवीन टाकीत उपाशी मरतो. दोन छोटे क्लाउन एकत्र घ्या, एक थोडा मोठा, एक लहान. क्लाउन सगळे आधी नर असतात, जोडीत जो वरचढ ठरतो तो मादी होतो, त्यामुळे साइजमध्ये फरक असला की भांडण कमी. महिन्याभराने एखादा वॉचमन गोबी. बास, तीन मासे, १०० लिटरला पुरे.

क्लाउन पैदास केलेलेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे आणि तुमच्या शेजारी ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही यावर काम झालंय, मुलीला घेऊन तिकडे एकदा जाऊन याच. पैदास केलेला मासा गोळी खायला शिकलेला असतो, समुद्रातून धरलेला बरेचदा खातच नाही. कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात जा किंवा जवळच्या दुकानात, पैसे द्यायच्या आधी तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. खात नसेल, धापा टाकत असेल, अंगावर पांढरे कण किंवा चिकट साय असेल तर घेऊ नका, दया येऊन पण नाही.

घरी आणल्यावर थेट मोठ्या टाकीत नाही. २५-३० लिटरचा टब, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, चार आठवडे तिथे. औषध लागलं तर ते तिथेच. मोठ्या टाकीत एकदा मरीन इच (अंगावर पांढरे कण आणणारा परजीवी रोग) शिरला की सगळे मासे बाहेर काढून टाकी साधारण अडीच महिने माशांविना चालवावी लागते तेव्हा तो जातो, आणि तुमच्या मुलीला ते अडीच महिने समजावणं या चार आठवड्यांपेक्षा फार अवघड जाईल.

अ‍ॅनिमोन पहिलं वर्ष नको. त्याला मुरलेली टाकी आणि तगडी लाइट लागते, तो फिरतो, वेव्हमेकरमध्ये अडकला तर एका रात्रीत सगळं पाणी नासतं. क्लाउनला त्याची गरजही नसते, ते दगडाच्या कोपऱ्यात घर करतात आणि खुश असतात. नुसते मासे म्हटल्यावर लाइट पण साधी एलईडी पुरते, दिवसाला सात-आठ तास.

विजेचं थोडक्यात पण नक्की करा. खाऱ्या पाण्याचे तुषार सॉकेटवर बसून मीठ साठतं, म्हणून सॉकेट टाकीच्या वरच्या बाजूला किंवा लांब, प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ सोडा म्हणजे पाणी ओघळलं तर तिथूनच ठिबकेल, आणि त्या लाइनला ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. लाइट गेली तर आधी जातो तो ऑक्सिजन. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर टाका, तो १०-२० वॅटचा असतो, तासन्‌तास चालतो. चिलर आणि टाकीची लाइट त्यावर नको. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअरपंप घेऊन ठेवा.

आणि गणपतीत, मे महिन्यात गावाला जाताना. एटीओची टाकी भरून जा, आठ दिवसांसाठी २० लिटर धरा. खायला घालणारी ऑटोमॅटिक मशिन आपल्या दमट हवेत गोळ्या चिकटून बंद पडते, तिच्यावर विसंबू नका. शेजाऱ्यांना सांगणार असाल तर एका वेळेच्या खाण्याच्या छोट्या पुड्या बांधून त्यावर वार लिहा, दिवसाआड एक पुडी, आणि उरलेला डबा कपाटात कुलपात ठेवा, कारण प्रेमाने जास्त घातलेलं खाणं कुजून अमोनिया होतो आणि दोन दिवस उपाशी राहिलेल्या धडधाकट क्लाउनला काहीही होत नाही. चिलरच्या डिस्प्लेवर २८ च्या वर आकडा दिसला तर लगेच फोन करा एवढंच त्यांना सांगून निघा.